कुडाळच्या लोनवाल्या ताईंना पाचापैकी चार

पाचापैकी चार तारे. पाचवा का कापला ते शेवटाकडे लिहिलंय, घाईत असाल तर थेट तिकडे जा. पण हे चार तारे कर्ज मंजूर झाल्याच्या खुशीत दिलेले नाहीत. कर्ज हल्ली कोणीही देतं, दुकानात दिवसातून एकदा तरी ‘मॅडम, लोन हवं का’ असा फोन येतोच. मी मार्क दिलेत ते या कर्ज-एजंट बाईंनी काही न लपवता काय काय कागदावर उतरवून दिलं, त्याला.

ताईंचं नाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. “नाव टाकलंत तर सगळे सेटिंगवाले मलाच फोन करतील,” असं त्यांचं म्हणणं. कुडाळात पहिल्या मजल्यावर एक खोली, खाली झेरॉक्सवाला. एवढ्यावरून कुडाळची माणसं ओळखतील.

माझं मालवणच्या बाजारात कोकणमेव्याचं दुकान आहे. आमसुलं, आगळ, फणसपोळी, खाजं, मसाला. आमचे हे एसटीत वाहक. चौक्याला सासरचं जुनं नळ्यांचं घर आहे, मागची भिंत पावसाने खचली, म्हणून त्याच जागेत चिऱ्याचं नवं बांधायचं ठरलं. इंजिनीयरने अंदाज काढला २८ लाख. हातात आठ होते, कर्ज हवं होतं २० लाखांचं.

ताईंच्या आधी एक पोरगा दुकानात येऊन गेला होता. अंगात एका फायनान्स कंपनीचा टी-शर्ट, पाठीला काळी बॅग, बोलण्यात साखर. कोणत्या कंपनीचा ते लिहीत नाही, कारण तो खरंच त्या कंपनीचा होता की टी-शर्ट कुठून मिळाला होता, हे कळायला मार्ग नाही. त्याने पॅनकार्डाचा फोटो नेला आणि दोन-तीन दिवसांत माझ्या फोनवर एकामागून एक मेसेज: तुमचा क्रेडिट रिपोर्ट अमुक संस्थेने पाहिला, तमुक संस्थेने पाहिला. रिपोर्ट कोणी उघडला की ग्राहकाला कळवायचं, असा नियम रिझर्व्ह बँकेने सिबिलसारख्या, लोकांच्या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांना घातलाय, म्हणून निदान समजलं तरी. पोराने फाईल एकाच वेळी तीन ठिकाणी टाकली होती, न विचारता. अशा चौकश्या पाठोपाठ झाल्या की स्कोअर खाली येतो. बँकेला वाटतं, ही बाई दारोदार कर्ज मागत फिरतेय.

शिवाय त्याचं म्हणणं, प्रधानमंत्री आवासची २ लाख ६७ हजारांची सबसिडी ‘करून देतो’. ती व्याज-सबसिडीची जुनी योजना ३१ मार्च २०२२ ला बंद झाली. आताची नवी योजना वेगळी आहे, तिच्या अटी वेगळ्या आहेत आणि रक्कमही तेवढी नाही. वर ‘फाईल चार्ज’ पाच हजार, रोख, पावती नाही. आणि सातबाऱ्याबद्दल विचारलं तर म्हणतो, “ते होऊन जाईल, वकील आपलाच आहे.”

आमचा सातबारा ज्याने पाहिलाय तो ‘होऊन जाईल’ म्हणणार नाही. आजेसासऱ्यांच्या नावाखाली बावीस नावं. त्यातली निम्मी लालबाग-परळला, दोन विरारला, एक चुलतदीर बडोद्याला. दोघे तर वारलेत, त्यांचे वारस लागायचेत. कोकणातल्या कुठल्याही घरात जा, हीच कथा.

ताईंकडे गेलो तेव्हा त्यांनी आमची पगार-स्लिप, माझे रिटर्न, बँकेचं पासबुक यातलं काहीच मागितलं नाही. पहिला मागितला सातबारा. चष्मा लावून नावांवरून बोट फिरवत गेल्या आणि म्हणाल्या, “वहिनी, यावर आज कुठलीच बँक पैसे देणार नाही. मी फाईल घेतली तर तुमचे लीगलचे पैसे जातील, कारण वकिलाचा आणि व्हॅल्युएशनचा खर्च कर्ज नाकारलं तरी परत मिळत नाही. आधी बाकीच्या हिस्सेदारांकडून हक्कसोड, म्हणजे हक्क सोडल्याचं पत्र, करून घ्या. नाव एकट्या दादांचं किंवा तुम्हा दोघांचं झालं की या.”

गिऱ्हाईक परत पाठवणारी एजंट मी पहिल्यांदा पाहिली. आणि नुसतं परत नाही पाठवलं. कसं करायचं तेही सांगितलं: सगळे हिस्सेदार गणपतीला गावी येतातच, तेव्हाच गाठायचे. दीड दिवसाचा गणपती विसर्जन झाला की मुंबईची गाडी पकडायच्या आत सब-रजिस्ट्रारकडे न्यायचे, वारलेल्यांच्या वारसांची नावं त्याआधी तलाठ्याकडे लावून घ्यायची आणि बडोद्याच्या दिरांकडून नोंदणी केलेलं मुखत्यारपत्र मागवून ठेवायचं. तसंच केलं. लालबागच्या काकांनी अंगठा ठेवताना थोडे आढेवेढे घेतले, सोलकढीचा तिसरा वाडगा पुढे केल्यावर विरघळले. हक्कसोड नोंदवलं, फेरफाराची नोटीस निघाली, तिची पंधरा दिवसांची मुदत हरकतीविना गेली आणि सातबारा मोकळा झाला. यात ताईंना एक पैसा मिळाला नाही. मिळणारही नव्हता.

आता मुख्य गोष्ट. मोकळा सातबारा घेऊन परत गेलो तेव्हा सासूबाई हट्टाने बरोबर आल्या. वय ऐंशीच्या पुढे, बसल्या खुर्चीत आणि थेट विचारलं, “बाय गो, तुका पैशे कोण देता? फुकट कोण धावता आमच्यासाठी?”

आम्ही दोघं ओशाळलो. ताई हसल्या आणि खणातून एक कागद काढला. छापील, मराठीत, खाली सही-शिक्का. त्या ज्या चार संस्थांचं काम करतात त्यांची नावं, आणि प्रत्येकीसमोर त्यांना मिळणारं कमिशन. टक्क्यांत छापलेलं होतं, पण सासूबाईंसाठी त्यांनी पेनाने वीस लाखांवरचे रुपये लिहिले. सरकारी बँक ७,०००. खासगी बँक १०,०००. एक हाउसिंग फायनान्स कंपनी १५,०००. दुसरी २०,०००. खाली एक ओळ: ग्राहकाकडून कोणत्याही नावाखाली रक्कम घेत नाही. त्याखाली आणखी एक: या चार सोडून इतर बँकांचे दर मी तुम्हाला सांगणार नाही, कारण त्यांचं काम मी करत नाही, तुम्ही स्वतः जाऊन विचारावे.

सासूबाईंनी कागद उलटा धरला होता, तो सरळ करून घेतला आणि मला म्हणाल्या, “वाच.” मी वाचला. मग ताईंनी स्वतःच बोट ठेवलं: वीस हजार देणाऱ्या कंपनीचं व्याज चौघांत सगळ्यात जास्त आहे. ज्यांचे कागद बँकेत चालत नाहीत, रिटर्न भरलेले नाहीत, त्यांना तिकडे जावं लागतं. तुमची फाईल सरकारी बँकेत बसते, तिथेच टाकूया.

म्हणजे बाईंनी वीस हजार सोडून सात हजारांचं काम पत्करलं, आणि तेही आमच्या डोळ्यांसमोर आकडे मांडून. चारपैकी दोन तारे या एका कागदाचे.

असा कागद द्यायची सक्ती त्यांच्यावर नाही, हे मला नंतर कळलं. कर्जाच्या एजंटाचं आपल्याकडे सगळंच विचित्र आहे. माझ्या शेजारच्या गाळ्यात एलआयसीचा एजंट बसतो, त्याने परीक्षा दिलीय. म्युच्युअल फंड विकणाऱ्याच्या पत्रकावर एआरएन हा नोंदणीचा नंबर असतो. फ्लॅट विकणाऱ्या एजंटाला महारेराची नोंदणी लागते, आणि २०२३ पासून महारेराने त्यांना प्रशिक्षण आणि परीक्षाही लावलीय. इतकंच काय, हप्ता थकला तर दारात येणारा वसुलीवालाही आयआयबीएफ या बँकिंगच्या संस्थेचं प्रशिक्षण घेऊन, परीक्षा पास होऊनच यायला हवा. पण वीस वर्षांचं कर्ज गळ्यात बांधणाऱ्याला असा कुठला सरकारी परवाना नाही, नंबर टाकून तपासावी अशी सगळ्या देशाची यादी नाही. तो बँकेचा डीएसए, म्हणजे डायरेक्ट सेलिंग एजंट असतो, बँकेशी त्याचा करार असतो आणि त्याच्या वागण्याची जबाबदारी रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी बँकेवर टाकलेली असते. पैसे द्यायला येणारा आणि पैसे परत न्यायला येणारा, यातला दुसराच शिकलेला असायला हवा, हा हिशेब कोणी मांडला कोण जाणे.

अगदीच मोकळं रान आहे असंही नाही. हाउसिंग फायनान्स कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत, त्यांना डीएसएंसाठीची आदर्श आचारसंहिता जोडलेली आहे. फोन साधारण सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सातच्या दरम्यान करायचा. आपण कोण, कोणाच्या वतीने बोलतोय ते आधी सांगायचं. खोटी आश्वासनं द्यायची नाहीत, कंपनीने न दिलेलं वचन तिच्या नावावर द्यायचं नाही. ग्राहकाकडून भेट किंवा लाच घ्यायची नाही. म्हणजे त्या टी-शर्टवाल्याचा ‘फाईल चार्ज’ यात कुठे बसतो ते तुम्हीच बघा. बँकांच्या एजंटांसाठीही असेच नियम आहेत. ताईंनी भिंतीवर चारही संस्थांची अधिकारपत्रं लावलीत, त्यावर डीएसए कोड. आमच्या ह्यांनी, वाहकच ते, तिकीट तपासावं तसा बँकेच्या शाखेत जाऊन तो कोड विचारून घेतला. बरोबर निघाला.

माझी भाची न्यू जर्सीत असते. तिने तिकडे घर घेतलं तेव्हा माझ्या मनात हेच होतं म्हणून तिला विचारलं. ती म्हणाली, मावशी, इथे कर्ज करून देणाऱ्याच्या व्हिजिटिंग कार्डावरच नंबर असतो. एनएमएलएस म्हणतात. तो नंबर किंवा माणसाचं नाव एका वेबसाइटवर टाकायचं, फुकट, की तो आधी कुठे कामाला होता, परवाना कुठल्या राज्याचा आहे, त्याच्यावर कारवाई झाली होती का, सगळं समोर. तिकडे घरकर्जांचा फुगा फुटला, त्यानंतर २००८ मध्ये ‘सेफ ॲक्ट’ झाला, त्यातून हे आलं. परवान्यासाठी वीस तासांचं शिक्षण, त्यात तीन तास नीतिमत्तेचे. परीक्षेत ७५ टक्के मिळवायचे. बोटांचे ठसे द्यायचे, स्वतःचा क्रेडिट रिपोर्टही द्यायचा, म्हणजे दुसऱ्याला कर्ज देणाऱ्याचा स्वतःचा व्यवहार कसा आहे ते बघतात. आणि दरवर्षी पुन्हा आठ तास अभ्यास. बँकेत नोकरीला असलेल्याला परीक्षा नाही, पण नोंदणी आणि नंबर त्यालाही.

मला त्यातलं सगळ्यात आवडलं ते कमिशनचं. तिकडे एजंटाने पैसे एकतर ग्राहकाकडून घ्यायचे नाहीतर कर्ज देणाऱ्याकडून. एकाच कर्जावर दोन्हीकडून नाही. आणि व्याज जास्त लावलं म्हणून कमिशन जास्त, असंही चालत नाही. आमच्या ताईंच्या कागदावरचे ते चार आकडे या नियमात बसले असते का, हा प्रश्न मी त्यांनाच विचारला. त्या म्हणाल्या, “कंपनीकंपनीचं कमिशन वेगळं असतंच वहिनी. मी ते लपवत नाही, एवढंच माझ्या हातात.” बरोबर आहे.

भाचीला अर्ज केल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तीन पानांचा अंदाजपत्रकासारखा कागद मिळाला होता, लोन एस्टिमेट. आणि सह्या करायच्या तीन कामकाजाचे दिवस आधी पाच पानांचा अंतिम कागद. २०१५ च्या ऑक्टोबरपासून तिकडे हाच नमुना आहे, आणि त्यावर एजंटाचं नाव, नंबर छापलेला. मला हे ऐकून वाटलं, आपल्याकडे कुठलं आलंय असलं. तर आहे! फक्त मागावा लागतो.

त्याचं नाव केएफएस, म्हणजे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’. सगळ्या बँका आणि फायनान्स कंपन्यांनी कर्जदाराला करार करायच्या आधी एक ठरावीक नमुन्याचा तक्ता द्यायचा, असं रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ ला सांगितलं, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना ते सक्तीचं झालं. ताईंनी मंजुरी आल्या दिवशी सांगितलं, “आधी केएफएस हातात घ्या, मग सही.” बँकेतल्या साहेबांनी दिलाही लगेच, पण इंग्रजीत. मी म्हटलं, नियमात कर्जदाराला समजेल त्या भाषेत आहे ना? साहेबांनी कपाळाला आठी घातली, कुठेतरी फोन केला आणि मराठी प्रत छापून दिली. बरी मराठी होती, दोन-तीन शब्द सोडले तर.

हा कागद मी दुकानात बसून सावकाश वाचला. गिऱ्हाईक आलं की बाजूला ठेवायचा, गेलं की परत उचलायचा. यात व्याजदर ८.५ टक्के, हप्ता १७,३५६. प्रोसेसिंग फी १०,००० आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८००. वकील आणि व्हॅल्युअर मिळून ७,५००. आणि या सगळ्याच्या खाली एपीआर, म्हणजे व्याज आणि खर्च सगळा धरून कर्ज वर्षाला खरोखर किती टक्क्यांनी पडतं तो आकडा. आमचा आला ८.६३. वसुलीसाठी एजंट नेमायचं कलम करारात कुठे आहे तेही लिहायला लागतं. तक्रार अधिकाऱ्याचा फोन आणि ईमेल. कर्ज दुसऱ्या संस्थेला विकता येईल का. आणि सगळ्यात महत्त्वाचं: जो खर्च या कागदावर नाही, तो कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. कागद दिल्यावर विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात, तेवढ्यात सही केली तर त्याच अटी बँकेला बांधील.

पहिल्या इंग्रजी प्रतीत एक ओळ होती: विमा, एकरकमी प्रीमियम ६२,०००. तेव्हा एपीआर होता नऊच्या वर. आम्ही विमा मागितला नव्हता. साहेब म्हणाले, “सगळे घेतात, घराचं संरक्षण असतं.” ताई शेजारीच होत्या, त्या शांतपणे म्हणाल्या, “सर, यांनी अर्जात मागितलेला नाही. ऐच्छिक आहे ना?” ऐच्छिक होता. विमा काढू नये असं माझं म्हणणं नाही. आम्ही ह्यांच्या नावावर वेगळा टर्म प्लॅन घेतला, वर्षाला भरतो. पण कर्जासोबत त्याच कंपनीचा, एकदम वीस वर्षांचा प्रीमियम भरून घ्यायलाच हवा असा कुठे नियम नाही. एपीआरचा आकडा नसता तर त्या ६२ हजारांचं ओझं व्याजात कसं शिरतं हे मला तरी दिसलं नसतं. तुम्ही कुठेही कर्ज घ्या, विम्यासकट आणि विम्याशिवाय असे दोन केएफएस मागा. तिसरा तारा ताईंच्या त्या एका वाक्याचा, कारण बँकेच्या साहेबांसमोर एजंट बोलत नाही, त्यांचं पोट त्याच बँकेवर असतं.

चौथा तारा सगळ्या बारीकसारीक गोष्टींचा मिळून. तरत्या (फ्लोटिंग) दराचं घरकर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड नाही, हे त्यांनी आपणहून सांगितलं. (तो पोरगा ‘तीन वर्षं बंद करता येणार नाही, दोन टक्के लागतील’ म्हणाला होता.) हप्ता चुकला तर दंडशुल्क लागतं, पण ते व्याजदरात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही, हे २०२४ च्या एप्रिलपासून. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हा आकडा ऐकून सासूबाईंचे डोळे चमकले, त्यांना वाटलं उशीरच व्हावा.

घर बांधायचं कर्ज एकदम मिळत नाही, टप्प्याटप्प्याने मिळतं. जोतं झालं की काही, भिंती चढल्या की काही, स्लॅब पडला की काही. प्रत्येक वेळी बँकेचा इंजिनीयर येऊन बघून जातो. तोपर्यंत पूर्ण हप्ता सुरू होत नाही, दिलेल्या रकमेवरचं नुसतं व्याज भरायचं. इथे ताईंनी एक बारकी गोष्ट दाखवली. काही संस्था कर्ज मंजूर झाल्या तारखेपासून किंवा चेक लिहिल्या तारखेपासून व्याज लावत होत्या, पैसे हातात पडायच्या आधीच. रिझर्व्ह बँकेने २०२४ च्या एप्रिलमध्ये हे पकडलं आणि असलं जादा व्याज परत करायला लावलं. त्यामुळे आता पैसे खात्यात आलेल्या तारखेची नोंद ताई स्वतःच्या वहीत करतात आणि पहिल्या महिन्याच्या व्याजाशी ताडून बघायला सांगतात. आम्ही ताडलं, बरोबर होतं.

आणि गहाणाची नोंद, नोटीस ऑफ इंटिमेशन, तीस दिवसांत सब-रजिस्ट्रारकडे व्हायला लागते. तीही आठवण त्यांनी केली. बँका बहुधा करून देतात, पण जबाबदारी आणि खर्च आपला असतो, म्हणून आधी माहीत असलेला बरा.

आता पाचवा तारा.

ताईंची खोली लहान आहे. टेबलावर आमच्या आधीच्या गिऱ्हाइकांच्या फाईली उघड्या पडलेल्या होत्या. मी बसले तिथून सगळ्यात वरच्या आधारकार्डावरचं नाव, गाव आणि पूर्ण नंबर मला वाचता येत होता. कोण ते सांगत नाही, पण ओळखीचं माणूस निघालं. आता त्यांनी कर्ज काढलंय हे मला कळायचं काय काम? मालवण-कुडाळात तासाभरात गावभर होतं. आणि आमचे कागद त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर व्हॉट्सॲपने मागवले: पॅन, आधार, पगार-स्लिप, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. ते त्या फोनमध्ये किती दिवस राहणार, फोन हरवला तर काय, पोरं गेम खेळायला तोच फोन घेतात की काय, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. कमिशनचा आकडा छापून देणारी बाई गिऱ्हाइकाच्या कागदांबाबत इतकी ढिली कशी, हे मला अजून समजलेलं नाही. मी स्पष्ट बोलले. त्या म्हणाल्या, जागा कमी आहे. जागेचा प्रश्न नाही, कुलपाचा आहे. आधार देताना मास्क केलेली प्रत द्या, ज्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात, असं मी माझ्या दुकानात येणाऱ्या सगळ्यांना सांगते आता.

रात्री पावणेनऊलाही त्यांचा फोन आला होता, दुकान आवरायच्या ऐन घाईत. आचारसंहितेत सात लिहिलंय. पण तो फोन आमच्याच कामाचा होता, इंजिनीयर उद्या येतोय सांगायला, म्हणून त्याचे मार्क कापले नाहीत.

तक्रार करायची वेळ आली नाही, पण ज्यांच्यावर येईल त्यांच्यासाठी: आधी बँकेकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, फुकट, ऑनलाइन. माहितीसाठी १४४४८ वर फोन करता येतो. कर्ज हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर मात्र नॅशनल हाउसिंग बँकेच्या ग्रिड्स या तक्रारींच्या पोर्टलवर जायचं. एजंटाविरुद्धची तक्रारही त्याच्या बँकेकडेच करायची, कारण तो तिचा माणूस.

ताईंकडे जाणार असाल तर सातबारा आणि फेरफार नवे काढून न्या, जुने बघतच नाहीत. घर गावठाणात असेल तर घरपट्टीचा असेसमेंट उतारा, आणि सरकारच्या स्वामित्व योजनेखाली मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळाली असेल तर तीही. धंदा असेल तर तीन वर्षांचे रिटर्न. पतपेढीचं किंवा पगारातून कापलं जाणारं कुठलंही कर्ज असेल तर आधीच सांगा, नाहीतर स्लिपवर दिसतंच. दुपारी दीड ते तीन खोली बंद असते, जेवायला घरी जातात.

आमचं जोतं झालं, भिंती खिडकीच्या वर आल्यात. स्लॅबचा टप्पा पावसाळ्यानंतर. तोपर्यंत ताई फोन उचलतात की कमिशन मिळालं म्हणून विसरतात, ते बघायचं आहे. स्लॅबचे पैसे सुटले की इथेच खाली लिहीन, आणि टेबलावरच्या फाईली कपाटात गेल्या असतील तर ताराही वाढवीन.